लंडन ते डार्विन : साडेएकोणीस दिवस

आपल्या बॅचमधले काही जण आज ऑस्ट्रेलियात असतात. पर्थ ते लंडन हे सुमारे १४,५०० किलोमीटरचे अंतर विमान आता कुठेही न उतरता साधारण सतरा तासांत कापते. त्यावरून एमी जॉन्सनची आठवण झाली. स्मरणिकेत तिला जागा हवी असे वाटण्याचे कारण ब्रह्मदेशातली एक शाळा आहे. ते पुढे येईलच.

एमीचा जन्म १९०३ साली इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावी झाला. वडील मासळीचे व्यापारी. शेफील्डला अर्थशास्त्राची पदवी घेऊन ती लंडनला एका वकिलाकडे सेक्रेटरी झाली आणि सुट्टीच्या वेळात विमान शिकू लागली. नुसते उडवणेच नव्हे, इंजिन खोलून दुरुस्त करणेही. ब्रिटनमध्ये विमान-दुरुस्तीचा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री. मला तिचे हेच जास्त मोठे वाटते.

५ मे १९३० रोजी ती क्रॉयडनहून एकटीच निघाली. त्याआधीचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास लंडन ते हल एवढाच! विमान जुने जिप्सी मॉथ, उघड्या कॉकपिटचे. त्याचे नाव जेसन, वडिलांच्या मासळीच्या धंद्याचा तो ट्रेडमार्क. डार्विनपर्यंत सुमारे ११,००० मैल जायचे होते. बर्ट हिंकलरने १९२८ साली हे अंतर साडेपंधरा दिवसांत कापले होते, तो विक्रम तिला मोडायचा होता.

बगदादच्या अलीकडे वाळूच्या वादळाने तिला वाळवंटात उतरवले. तरीही सहाव्या दिवशी ती कराचीला होती, हिंकलरच्या दोन दिवस पुढे. पुढे पेट्रोल संपत आले म्हणून झाशीला लष्कराच्या परेडच्या मैदानावर उतरावे लागले. मग कलकत्ता, आणि तिथून रंगून.

रंगूनला पावसात तिची वाट चुकली. रेसकोर्सवर उतरायचे ते ती उतरली जवळच्या इन्सीन गावातल्या तंत्रशाळेच्या खेळाच्या मैदानावर. मैदान पुरले नाही, विमान खड्ड्यात गेले. पंख फाटला, चाकांचा सांगाडा मोडला, पंखा तुटला. जादा पंखा तिने लंडनहून विमानाला बांधूनच आणला होता, पण पंखाचे कापड कुठून आणणार? पहिल्या महायुद्धातले विमानाचे उरलेले कापड तिथे लोकांनी शर्टांसाठी वापरले होते. तेच शर्ट आता पंखाला लागले! शाळेतल्या माणसांनी तिच्याबरोबर खपून विमान उभे केले, आणि १६ मे रोजी ती बँकॉककडे निघाली.

दोन दिवसांची आघाडी मात्र इन्सीनलाच संपली. पुढे जावामध्ये बांबूच्या खुंट्यांनी पंखाला भोके पडली, ती तिने जखमेवर लावायच्या चिकटपट्टीने बुजवली. शेवटी तिमोरचा समुद्र ओलांडून २४ मे रोजी ती डार्विनला पोचली. विक्रम हुकला. पण इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने उडत जाणारी पहिली स्त्री तीच, आणि लोकांनी तिला जे डोक्यावर घेतले तसे हिंकलरलाही क्वचितच घेतले असेल.

दुसऱ्या महायुद्धात ती कारखान्यांतली विमाने हवाई दलाच्या तळांवर पोचवण्याचे काम करी. ५ जानेवारी १९४१ रोजी ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या तळाकडे निघाली; खराब हवेत भरकटून थेम्सच्या मुखाशी समुद्रात पडली. तिला वाचवायला बर्फगार पाण्यात उडी घेतलेला नौदलाचा अधिकारी वॉल्टर फ्लेचरही गेला. एमीचा देह सापडला नाही. जेसन अजून लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.