शत्रूच्या मुलांसाठी चित्रांची पुस्तके



युद्ध संपल्यावर पराभूत देशातील मुलांना आधी काय द्यावे? भाकरी, असे कोणीही सांगेल आणि ते खरेच आहे. परंतु भाकरीबरोबर चित्रांची पुस्तकेही द्या, असा हट्ट धरणारी एक स्त्री गेल्या शतकात होऊन गेली. ज्या देशाने तिला हाकलून लावले, त्याच देशाची ती मुले होती. तिचे नाव येला लेपमान. बालसाहित्याच्या जगात हे नाव आदराने घेतले जाते. आपल्या घरांत मात्र ते फारसे पोहोचलेले नाही, म्हणून या रविवारी त्यांची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

येलाबाईंचा जन्म १५ मे १८९१ रोजी जर्मनीतील स्टुटगार्ट शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वयाच्या सतराव्या वर्षीच त्यांनी तेथील तंबाखूच्या कारखान्यात काम करणाऱ्या परदेशी मजुरांच्या मुलांसाठी वाचनालय सुरू केले. पुढे लग्न झाले. पण १९२२ साली पती निवर्तले आणि दोन लहान मुलांची जबाबदारी एकट्या येलाबाईंवर आली. त्यांनी लेखणी हाती धरली. वृत्तपत्राच्या संपादक मंडळात जागा मिळवली, मुलांसाठीही लिहिले. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि केवळ ज्यू म्हणून त्यांची ती नोकरी गेली. १९३६ साली त्यांनी देश सोडला व इंग्लंडमध्ये आश्रय घेतला. कालची नावाजलेली पत्रकार आज निर्वासित झाली.

युद्ध संपल्यावर अमेरिकन लष्कराने त्यांना जर्मनीत बोलावले. स्त्रिया व मुले यांच्या शिक्षणाबाबत सल्ला देण्याचे काम होते. जावे की न जावे, हा प्रश्न सोपा नव्हता. त्यांच्या समाजातील लाखो लोकांना त्याच भूमीने छळछावण्यांत पाठवले होते. मुलांसाठी म्हणून त्या तयार झाल्या आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये परतल्या. शहरे ढिगाऱ्याखाली गेली होती. पूर्वेकडून हुसकावलेली कुटुंबे रस्तोरस्ती भटकत होती. अनाथ मुलांना तर गणतीच नव्हती. बारा वर्षे या मुलांच्या पुस्तकांतूनही द्वेषच पेरला गेला होता.

येलाबाईंनी वीस देशांना पत्रे पाठवली. पैसे नव्हते, म्हणून पुस्तके भेट म्हणूनच मागितली. बहुतेक देशांनी होकार दिला. बेल्जियमने मात्र नकार कळवला. जर्मन सैन्याने त्या देशाला दोनदा तुडवले होते, तेव्हा या नकारात चूक कशी काढणार? येलाबाईंनी पुन्हा लिहिले. मुलांपासून नवी सुरुवात केली नाही, तर तिसरे आक्रमणही होऊ शकते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बेल्जियमची पुस्तके आली.

३ जुलै १९४६ रोजी म्यूनिक शहरात प्रदर्शन उघडले. हिटलरने आपल्या पसंतीची कला मिरवण्यासाठी बांधलेल्या भव्य दालनातच ते भरले, हे विशेष! परक्या भाषा न कळणारी मुलेही चित्रे पाहत तासन् तास रमली. पुढे हे प्रदर्शन इतर शहरांतही गेले. फर्डिनांड नावाच्या, झुंज न देता फुलांचा वास घेत बसणाऱ्या बैलाची सचित्र गोष्ट नाझी राजवटीने बंद केली होती. येलाबाईंनी ती स्वतः जर्मनमध्ये आणली. वर्तमानपत्राच्या कागदावर तिच्या ३०,००० प्रती छापून बर्लिनमधील मुलांना वाटण्यात आल्या.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही अपराध आणि जबाबदारी यांतील भेद घोकला होता. अपराध वारशाने येत नाही. बापाने केलेल्या हत्येसाठी मुलाला दोषी धरता येत नाही. जबाबदारी मात्र पुढच्या पिढीकडे येते. ती पेलायची तर मुलाच्या मनात दुसऱ्या माणसाला जागा हवी. झालेल्या अन्यायावर पांघरूण घालणे म्हणजे करुणा नव्हे. त्या अन्यायाचे बीज पुन्हा रुजू नये म्हणून राबणे, ही करुणेची अवघड बाजू आहे. येलाबाईंच्या कामातून आम्हाला हा भेद पुस्तकापेक्षा अधिक स्पष्ट कळला.

१४ सप्टेंबर १९४९ रोजी म्यूनिकमध्ये त्यांचे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उघडले. १९८३ पासून ते शहराच्या कडेला एका जुन्या गढीत आहे आणि आज तेथे सहा लाखांहून अधिक पुस्तके आहेत. १९५३ साली त्यांच्याच पुढाकाराने झुरिक येथे बालपुस्तकांसाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. बालसाहित्यातील सर्वोच्च मानला जाणारा अँडरसन पुरस्कार हे मंडळ १९५६ पासून देते. येलाबाईंचे निधन झुरिक येथे ४ ऑक्टोबर १९७० रोजी झाले. आपल्याकडे तो असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण.

त्यांच्या पश्चातही काम थांबले नाही. २०१२ साली याच मंडळाने इटलीच्या लाम्पेदूसा बेटासाठी शब्दांविना चित्रपुस्तके जगभरातून गोळा केली. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येणारे निर्वासित याच बेटावर उतरतात. पुढच्याच वर्षी, ८ जुलै २०१३ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी तेथे जाऊन समुद्रात बुडालेल्यांसाठी प्रार्थना केली. अरबी बोलणारे मूल असो की इटालियन, शब्द नसलेले पुस्तक दोघांनाही सारखेच वाचता येते.

पूर आला, आग लागली की आपण तांदूळ, चादरी, भांडी गोळा करतो. ते करीत राहूच. पुढच्या वेळी त्या गाठोड्यात एखादे चित्रांचे पुस्तकही ठेवावे, एवढीच आमची विनंती. आणि गाठोडे कोणत्या वस्तीत, कोणत्या जातीधर्माच्या मुलाकडे जाणार आहे, हे न विचारता ठेवावे.