मेघनाद साहा आणि सुट्ट्यांचे पंचांग

टिळक पंचांग पाळणाऱ्या घरी काही वर्षी गणपती शेजाऱ्यांच्या गणपतीपासून महिनाभराच्या अंतराने बसतात. घरात हे चालून जाते. पण सरकारने सुट्टी कोणत्या दिवशी द्यावी? स्वतंत्र भारतापुढे हा प्रश्न खराच उभा राहिला, कारण देशात तीसेक कालगणना चालू होत्या. नोव्हेंबर १९५२ मध्ये त्यासाठी समिती नेमली गेली, अध्यक्ष डॉ. मेघनाद साहा.

साहांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ चा, ढाक्याजवळच्या खेड्यातला. वडील छोटे दुकानदार. कोलकात्याच्या वसतिगृहात जातीमुळे त्यांना पंगतीत वेगळे बसवले, सरस्वतीपूजेपासूनही दूर ठेवले. पुढे १९२० मध्ये ताऱ्यांच्या वर्णपटाचा उलगडा करणारे त्यांचे समीकरण जगभर गाजले, १९२७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९५२ मध्ये खासदार. पूजेपासून दूर ठेवलेल्या त्या मुलाकडेच आता देशाच्या सणांचा हिशेब आला!

समितीत आपली माणसे बरीच होती: नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी, उज्जैनचे प्रा. वैद्य आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर. गणेशोत्सवाच्या साठ वर्षांचा ग्रंथ सिद्ध करणारे करंदीकर ते हेच.

अडचण गणिताची होती. जुन्या सिद्धांतातले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठे. साठ वर्षांत एक दिवस घसरतो, चौदाशे वर्षांत २३. म्हणून सूर्य २२ डिसेंबरला उत्तरेकडे वळतो आणि तीळगूळ आपण १४ जानेवारीला वाटतो.

तरीही १९५५ च्या अहवालाने सण मागे ओढले नाहीत. सरकारी व्यवहारासाठी ऋतूंशी बांधलेले, २२ मार्चला (लीप वर्षी २१ ला) सुरू होणारे शकवर्ष सुचवले. सण मात्र रूढ महिन्यांतच ठेवले. घसरण तेवढी यापुढे थांबावी अशी योजना केली. गणिताला अक्षांश घेतला उज्जैनचा, २३ अंश ११ कला. चूक ढळढळीत दिसत असताना लोकांच्या देवघरात हात न घालणे साहांसारख्या फटकळ माणसाला सोपे गेले नसेल, असे मला वाटते.

१६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत योजना आयोगाच्या कचेरीकडे जाताना ते कोसळले आणि गेले. राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली त्यानंतर वर्षभराने, २२ मार्च १९५७ म्हणजे १ चैत्र १८७९ रोजी. राष्ट्रीय पंचांगही तेव्हापासून निघते, मराठीतसुद्धा.