कवि कोलरिज आणि अफूची बेडी

शाळेंतील इंग्रजी कवितांच्या पुस्तकांतून ज्या कवींशीं आमच्या विद्यार्थ्यांची ओळख होते, त्यांत सॅम्युएल टेलर कोलरिज हा एक होय. अल्बट्रॉस पक्ष्यास ठार मारून त्याचें शव गळ्यांत वागविणाऱ्या वृद्ध खलाशाची त्याची कविता पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु या कवीच्या स्वतःच्या गळ्यांतही असेंच एक ओझें अर्धें आयुष्य लोंबत होतें, हें थोड्यांसच माहीत असतें. तें ओझें अफूचें होतें.

कोलरिजचा जन्म २१ ऑक्टोबर १७७२ रोजीं इंग्लंडांतील डेव्हन परगण्यांत ऑटरी सेंट मेरी या गांवीं झाला. त्याचे वडील तेथील धर्मोपदेशक असून गांवच्या शाळेचे मुख्याध्यापकही होते. सर्व भावंडांत हा धाकटा. १७८१ सालीं वडिलांचें छत्र हरपलें आणि पुढील वर्षीं या मुलाची रवानगी लंडन येथील निवासी शाळेंत झाली. वाचनाचा त्यास विलक्षण नाद होता. १७९१ सालीं तो केंब्रिजला गेला, पण पदवी न घेतांच बाहेर पडला. १७९८ सालीं त्यानें व त्याचा मित्र वर्डस्वर्थ यानें मिळून जो लहानसा काव्यसंग्रह प्रसिद्ध केला, त्यानें इंग्रजी काव्यास नवें वळण लागलें.

बुद्धि अशी असामान्य. प्रकृति मात्र नाजूक. १८०० सालीं तो उत्तरेकडील केझिक गांवीं बिऱ्हाड करून राहिला. तेथील थंड व दमट हवेंत सांध्यांच्या वेदना असह्य होऊन, पूर्वीं अधूनमधून घेतलेलें लॉडनम तो नित्य घेऊं लागला. लॉडनम म्हणजे मद्यार्कांत विरघळविलेली अफू. त्या काळीं इंग्लंडांत तें कोणासही, वैद्याच्या चिठ्ठीवांचून, दुकानांत विकत मिळे. त्याच्या विक्रीवर कायद्याचें बंधन १८६८ सालीं आलें. कोलरिजनें तें औषध म्हणूनच घेतलें, चैन म्हणून नव्हे, हें आम्ही मुद्दाम सांगतों. कारण पुष्कळ व्यसनें अशाच निरुपद्रवी दारानें घरांत शिरतात.

अफूस मनुष्याचा मेंदू सरावतो, असें वैद्यकशास्त्र आज सांगतें. कालच्या मात्रेनें आज भागत नाहीं. आणि ती एकाएकीं बंद केल्यास घाम, कंप, जुलाब व निद्रानाश यांनीं मनुष्य हैराण होतो. दुःख टाळण्याकरितां जी अफू जवळ केली, ती न घेणें हेंच कांहीं वर्षांनीं कोलरिजचें मोठें दुःख होऊन बसलें. १८०४ सालीं तो हवापालटासाठीं माल्टा बेटावर गेला. १८०६ सालीं परतला तो व्यसन बरोबर घेऊनच. पत्नी व तीन मुलें यांचा भार साउदी या कवीवर, म्हणजे त्याच्या साडूवर, पडला. १८१० सालीं वर्डस्वर्थशींही बिनसलें. व्याख्यान जाहीर व्हावें आणि वक्त्यानें येऊंच नये, असेही प्रसंग घडले. निश्चय त्यानें अनेक वेळां केले आणि तितक्याच वेळां ते मोडले.

एप्रिल १८१६ मध्यें मात्र त्यानें एक वेगळी गोष्ट केली. लंडनजवळ हायगेट येथें राहणाऱ्या जेम्स गिलमन या डॉक्टरास त्यानें पत्र लिहिलें व आपलें वैगुण्य उघड करून सांगितलें. इतर सर्व बाबतींत आपण खरें बोलूं, पण अफूच्या बाबतींत आपण फसवूं, तरी आपणावर नजर ठेवावी, अशी त्यानें स्वतःच विनंती केली. महिनाभर राहण्याच्या बेतानें आलेला हा पाहुणा गिलमन दंपतीच्या घरीं अठरा वर्षें राहिला.

तेथें तो अफूपासून पूर्णपणें मुक्त झाला काय? नाहीं. डॉक्टर मोजून देत त्या मात्रेखेरीज तो कधींकधीं चोरून अफू आणवीत असे. तरीही गिलमन यांनीं त्यास दाराबाहेर काढलें नाहीं. मात्रा आटोक्यांत राहिली आणि विस्कटलेल्या आयुष्यास पुन्हा शिस्त आली. १८१७ सालीं त्याचा साहित्यविचारांचा प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला, १८२५ सालीं धर्मचिंतनाचा. आणि त्याचें भाषण ऐकण्यासाठीं दुरून लोक हायगेटला येऊं लागले. २५ जुलै १८३४ रोजीं त्याच घरीं त्याचा अंत झाला.

आमच्या वाचकांपैकीं एखाद्याच्या घरींही अशी बेडी कोणाच्या पायांत असेल. त्या पालकांस आम्ही नम्रपणें सुचवितों कीं, लज्जेनें ती झांकूं नये व रागानें माणसास टाकूं नये. रोगास वैद्य लागतो, तसा व्यसनासही लागतो. आणि एकदां पाय घसरला म्हणजे सर्व संपलें असें नव्हे. विद्यार्थीमित्रांनीं एवढें ध्यानांत धरावें, कीं कोलरिज सोळा वर्षें एकटा झगडला व हरला. ज्या दिवशीं त्यानें आपली दुर्बळता दुसऱ्याजवळ कबूल केली, त्या दिवसापासून त्यास आधार मिळाला.

आपल्या मरणानंतर ही हकीकत लोकांस कळावी व तिजपासून कोणी तरी सावध व्हावें, अशी इच्छा त्यानें १८१४ सालीं एका मित्रास लिहून कळविली होती. त्याच इच्छेस मान देऊन आम्हीं ती येथें सांगितली आहे.