वाल्डेमार हाफकिन

इ. स. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने पाय ठेवला. प्रथम उंदीर मेले, मागोमाग माणसे. भयभीत लोक शहर सोडून जाऊ लागले. तेव्हा सरकारने कलकत्त्याहून हाफकिन यांना पाचारण केले.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली, त्या वेळी रशियन साम्राज्यात असलेल्या ओडेसा या शहरी, एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीवर लस तयार केली, ती १८९२ साली प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि दुसऱ्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले.

मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक ओसरी आणि मोजके मदतनीस मिळाले. तेथे त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले. त्यासाठी पोषक द्रवावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवीत आणि त्या थेंबांखाली जंतूंचे धागे लोंबू लागत. आपल्या घरचे साधे तूप असे कामी यावे, याचे नवल वाटते! ते जंतू उष्णतेने मारून लस सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःस टोचून घेतली. ताप चढला, अंग दुखले, आणि काही दिवसांत उतार पडला.

परंतु एक मनुष्य जगला, एवढ्याने लसीचा गुण ठरत नाही. तो एरवीही जगलाच असता, असे कोणीही म्हणेल. हाफकिन हे पुरते जाणून होते. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. एकाच छपराखाली, एकच अन्न खाणाऱ्या या दोन गटांची त्यांनी नोंद ठेवली. न टोचलेल्यांपैकी बारा आजारी पडले व सहा दगावले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, पण दगावले कोणीच नाही.

पुढल्या वर्षी बडोद्याजवळील उंढेरा गावी तर त्यांनी प्रत्येक कुटुंबातील काहींना टोचले व काहींना तसेच ठेवले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ३ मरण पावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २६. घर एक, चूल एक; वेगळी होती ती केवळ लस. लसीचे माप या आकड्यांनी पदरात घातले खरे; पण तो प्रत्येक आकडा कोणाचा तरी पिता वा भाऊ होता, हेही ध्यानात असावे.

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आले. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस दिली होती. मेलेले सर्व एकाच बाटलीतले होते. त्या बाटलीचे बूच काढताना चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हे सरकारला पटण्यास १९०७ साल उजाडले. त्याच वर्षी हाफकिन कलकत्त्यास पुन्हा कामावर आले.

त्यांची मुंबईची प्रयोगशाळा १८९९ सालीच परळ येथील जुन्या राजभवनात गेली होती. १९२५ साली तिला त्यांचे नाव देण्यात आले. हाफकिन तेव्हा हयात होते, पण युरोपात. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.