वाटाण्याचा अंकुर आणि दादासाहेब फाळके

शाळेच्या बागेंत वाटाणा पेरून दुसऱ्याच दिवशीं माती उकरून पाहणारीं मुलें आम्ही दरवर्षीं पाहतों. बीं रुजलें कीं नाहीं हें पाहण्याच्या उतावळेपणांत बीं मात्र मरतें! वाढत्या वस्तूस धक्का न लावतां तिची वाढ पाहावी कशी, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढेंही होता. जर्मनींत फेफर नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९०० च्या सुमारास कॅमेऱ्याच्या साहाय्यानें तो सोडविला. आपल्याकडे हें काम एका चित्रकारानें केलें.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत त्यांचें शिक्षण झालें. पुढें छायाचित्रण, पुराणवस्तु खात्यांतील नोकरी, छापखाना असे नाना उद्योग झाले. त्यांचा विस्तार येथें करीत नाहीं. चाळिशी उलटली, छापखाना सुटला, आणि अशा विपन्न काळीं मुंबईंत प्रभु येशूच्या चरित्रावरील चित्रपट त्यांच्या पाहण्यांत आला. तो पाहतां पाहतां आपल्या पुराणांतील कथा त्यांच्या डोळ्यांपुढें उभ्या राहिल्या. मग चित्रपटांच्या अभ्यासाचा त्यांनीं इतका ध्यास घेतला कीं, दृष्टि जाण्याची पाळी आली. उपचारांनीं ती परत मिळाली. १९१२ च्या आरंभीं विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते विलायतेस गेले व कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले.

परंतु भांडवल कोण देणार? फाळक्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला व कॅमेरा तिच्यासमोर अचल ठेवला. कॅमेऱ्याची जागा तीच, अंतर तेंच, आणि एकेक चित्र थांबून थांबून घ्यावयाचें. असें महिनाभराहून अधिक काळ चाललें. पडद्यावर मात्र सुमारें एका मिनिटांत बीं फुटलें, कोंब वर आला, वेल वाढली! रोज एकच चित्र घेतलें, असें कोठें कोठें लिहिलेलें आढळतें. विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा. सेकंदास १६ चित्रें धरलीं तर मिनिटास ९६० लागतात. ३० दिवसांचीं ३० चित्रें दोन सेकंदांतच संपतील. तेव्हां दररोज अनेक चित्रें घेतलीं असलीं पाहिजेत, असें आम्हांस वाटतें. आज संशोधक वितळलेला धातु थिजतांना किंवा स्फटिक वाढतांना क्षणाक्षणाचीं चित्रें घेतात. त्यांचेंही पथ्य हेंच कीं, पाहण्यानें वस्तूची वाढ बिघडूं नये.

ही फीत निवडक मंडळींस दाखविल्यावर कर्ज मिळालें, पण तें पुरेसें नव्हतें. तेव्हां पत्नी सरस्वतीबाई यांनीं अंगावरचे दागिने पुढें केले. फिल्मला भोकें पाडणें, ती धुणें, हीं कामेंही त्या माउलीनें घरसंसार सांभाळून केलीं. तिचें नांव फार थोडे घेतात. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला.

आमच्या करवीरांत बाबूराव पेंटर यांनीं पुढें स्वतःच कॅमेरा बनविला, हें येथील मुलांस ठाऊक असतेंच. फाळक्यांचा 'गंगावतरण' हा अखेरचा आणि एकमेव बोलपट कोल्हापूरच्याच चित्रसंस्थेसाठीं तयार होऊन १९३७ सालीं प्रदर्शित झाला, हें मात्र पुष्कळांस माहीत नसतें. तेव्हां त्यांचें वय ६७ होतें. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचा देहान्त झाला.