सोयाबीनच्या बियाण्यासाठी अर्धं जग पालथं घालणारा माणूस : विल्यम मोर्स

बेळगाव : खरिपाचं तोंड आलं की बेळगाव, कोल्हापूर, लातूरपासून थेट इंदूर-उज्जैनपर्यंत कृषी केंद्रांवर एकच चौकशी सुरू होते, यंदा सोयाबीनचं कोणतं वाण घ्यायचं? लवकर येणारं की उशिरा येणारं, शेंगा तडकणारं की टिकणारं, एकरी उतारा किती? हेच प्रश्न घेऊन शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका तरुणाने नोकरी धरली आणि सगळं आयुष्य त्यातच घालवलं. त्याचं नाव विल्यम जोसेफ मोर्स. आपल्याकडे हे नाव फारसं कोणी घेत नाही. अमेरिकेत मात्र सोयाबीनचं पीक उभं करणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्या रांगेत आहे.

मोर्सचा जन्म 1884 चा, न्यूयॉर्क राज्यातला. कॉर्नेल विद्यापीठातून शेतीची पदवी घेऊन 1907 मध्ये तो अमेरिकेच्या कृषी खात्यात लागला. तिथे चार्ल्स पायपर या वरिष्ठाने त्याच्याकडे सोयाबीनचं काम दिलं. तेव्हा या पिकाला किंमत नव्हती. साऱ्या देशात मिळून पेरा जेमतेम 50 हजार एकर, आणि तोही बहुतेक चाऱ्यासाठी. शेतकरी पीक हिरवं असतानाच कापून जनावरांपुढे टाकत. दाण्याचं तेल आणि पेंड हा धंदा तिथे अजून उभाच राहिला नव्हता.

मोर्सने वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनच्या प्रयोगशेतावर काम सुरू केलं. परदेशातून आलेलं मूठ-मूठ बियाणं ओळीने पेरायचं, फुलोरा कधी आला, झाड लोळलं का, शेंगा किती लागल्या, हे वहीत लिहायचं, आणि त्यातलं चांगलं झाड निवडून त्याचंच बी वाढवायचं. सुरुवातीची सुधारणा अशी निवड पद्धतीनेच झाली, ठरवून केलेले संकर नंतर आले.

याच शेतावर गार्नर आणि अलार्ड या त्याच्या खात्यातल्या दोघांनी एक कोडं सोडवलं. ‘बिलॉक्सी’ नावाचं सोयाबीन वेगवेगळ्या तारखांना पेरलं तरी फुलायचं साधारण एकाच सुमाराला. झाड पेरणीची तारीख नाही, दिवसाची लांबी मोजतं, हे त्यांनी 1920 मध्ये मांडलं. एका भागात भरघोस येणारं वाण दुसऱ्या अक्षांशावर का फसतं, याचं मोठं कारण त्यातून कळलं. म्हणजे प्रत्येक पट्ट्याला त्याचं-त्याचं वाण हवं, आणि त्यासाठी बियाण्यात भरपूर विविधता हवी. 1923 मध्ये पायपर आणि मोर्स यांचं सोयाबीनवरचं मोठं पुस्तक निघालं. शेतकरी आणि कारखानदारांच्या सोयाबीन संघटनेचं अध्यक्षपदही मोर्सने सांभाळलं.

पण विविधता होती ती आशियात. म्हणून 1929 मध्ये मोर्स आणि त्याचे वयस्क सहकारी पॅलेमन डॉर्सेट जहाजाने जपानला निघाले. मोर्सने बायको आणि लहान मुलीलाही सोबत नेलं. सुमारे दोन वर्षं ते जपान, कोरिया, मांचुरिया आणि चीनच्या उत्तर भागात फिरले. बाजारात, खळ्यावर, गावातल्या टोफू करणाऱ्याच्या दुकानात जायचं, दाणे विचारून घ्यायचे, पुडी बांधून नोंद करायची. डॉर्सेट मध्येच न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले, तरी काम थांबलं नाही. 1931 मध्ये परतेपर्यंत सोयाबीनचे सुमारे साडेचार हजार नमुने जमले होते. सोबत हजारो छायाचित्रं आणि टिपणांची जाडजूड बाडं.

पुढची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. इतक्या मेहनतीने आणलेल्या या बियाण्यातला मोठा भाग टिकलाच नाही. पेरून पाहिलं, त्या क्षणी कामाचं वाटलं नाही, की वाण टाकून दिलं जायचं. जपून ठेवायची पक्की सोय नव्हती. सरकारी पातळीवर बियाण्याचा रीतसर संग्रह उभा राहिला तो 1949 च्या सुमारास, म्हणजे मोर्स निवृत्त झाला त्या वर्षी. तोवर मूळ नमुन्यांपैकी थोडेच शिल्लक होते.

उरलं त्याची किंमत नंतर कळली. 1954 मध्ये अमेरिकेत मुळांवर पुटी (सिस्ट) धरणारा सूत्रकृमी सापडला आणि पिकाचं नुकसान होऊ लागलं. प्रतिकार शोधायला शास्त्रज्ञ जुन्या संग्रहाकडे वळले. 1930 च्या सुमारास चीनच्या ईशान्य भागातून आलेल्या एका नमुन्यात तो मिळाला. आज तिथल्या सूत्रकृमीला तोंड देणाऱ्या बहुतेक वाणांत त्याच नमुन्याचं रक्त आहे. ज्या दाण्यांकडे बरीच वर्षं फारसं कोणी पाहिलं नव्हतं, त्यांनीच पीक वाचवलं.

मोर्सच्या डोळ्यांदेखत पिकाचा नूर पालटला. 1941 मध्ये तिथे पहिल्यांदा चाऱ्यापेक्षा दाण्यासाठीचं क्षेत्र जास्त भरलं. युद्धामुळे पूर्वेकडून येणारं तेल बंद पडलं आणि सोयाबीनचा पेरा झपाट्याने वाढला. उताऱ्यात आणि तेलात सरस ठरलेलं ‘लिंकन’ हे वाणही याच काळात शेतकऱ्यांच्या हाती आलं. तो निवृत्त झाला तेव्हा क्षेत्र सुमारे 1 कोटी एकरांवर गेलं होतं. 1959 मध्ये त्याचं निधन झालं.

आपल्याकडे माळव्यात काळ्या दाण्याची ‘कालीतूर’ पूर्वीपासून होती. पिवळ्या सोयाबीनची लाट आली ती 1960 च्या दशकात, जबलपूर आणि पंतनगरच्या विद्यापीठांत अमेरिकन वाणांच्या चाचण्या झाल्यावर. त्यातल्या ‘ब्रॅग’ वाणाच्या वंशावळीतही चीनहून गेलेलं बियाणं आहे. पुढे 1987 मध्ये इंदूरला राष्ट्रीय सोयाबीन संशोधन केंद्र सुरू झालं, आणि 1994 मध्ये आलेल्या ‘जेएस 335’ ने महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि उत्तर कर्नाटकातली शिवारं व्यापली.

एकच वाण वर्षानुवर्षं सगळीकडे पेरलं की नवा रोग आल्यावर पर्याय शोधायला जुन्या बियाण्याकडेच जावं लागतं. म्हणून घरात कोणाकडे काळ्या दाण्याची जुनी पिशवी पडली असेल, तर ती भंगारात घालण्याआधी जवळच्या कृषी विद्यापीठात दाखवलेली बरी.