निकोला अपेर: आधी बूच, मग उकळी

जॅमची नवी बाटली उघडली की झाकण ‘टक्’ करतं ना? त्याची सुरुवात ज्याच्यापासून झाली, त्या निकोला अपेरची गोष्ट आज सांगतो. जन्म १७४९, फ्रान्समधल्या शालोंचा. वडिलांची खानावळ होती, त्यामुळे पोरगा स्वयंपाकघरातच वाढला. पुढे त्याने पॅरिसमध्ये मिठाईचं दुकान टाकलं.

तेव्हा अन्न टिकवायचं म्हणजे मीठ, साखर, धूर नाहीतर वाळवण. आपलं लोणचंसुद्धा दादरा बांधून टिकतं, कारण खरं काम मीठ आणि तेल करतात. पण त्यात मूळ चव जाते. अपेरला मटार मटारासारखेच हवे होते.

अनेक वर्षं खटपट करून त्याने एक क्रम पक्का केला, आणि मला तर तोच सगळ्यात भारी वाटतो: आधी बाटली बंद, मग उकळी. जाड काचेची बाटली भरायची, बूच ठोकायचं, वर लोखंडी तार आवळायची. बुचाच्या बारीक छिद्रांतून हवा शिरते, म्हणून रुंद तोंडाच्या बाटल्यांसाठी तो बुचाचे तुकडे असे चिकटवायचा की छिद्रं आडवी यावीत. वरून चुना आणि चीजचा लेप. (हो, खायचंच चीज!) मग बाटली कापडी पिशवीत घालून पाण्यात उकळायची.

हे का चालतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. उष्णतेने आतले जंतू मरतात आणि बूच नवे येऊ देत नाही, हा उलगडा पुढे पाश्चरच्या कामातून झाला. आजच्या बाटलीत वाफ झाकणाखालची हवा हटवते. थंड झाल्यावर वाफेचं पाणी होतं, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा झाकण घट्ट दाबून धरते. झाकणाच्या मधलं बटण दुकानातच वर आलेलं असेल, तर ती बाटली घेऊ नका. आणि घरी मटार नुसते उकळून बंद करायच्या भानगडीत पडू नका. बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू १०० अंशांनाही दाद देत नाहीत, कारखान्यात त्यासाठी दाबाखाली साधारण १२१ अंश तापमान वापरतात.

१८१० मध्ये फ्रेंच सरकारने अपेरला १२,००० फ्रँक दिले. अट एकच, पद्धत पुस्तकात छापून सगळ्यांसाठी खुली करायची. २०० प्रतीही त्यानेच द्यायच्या. त्याने ते मान्य केलं, पेटंट घेतलं नाही. आजच्या भाषेत ओपन सोर्स! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडने अशाच पद्धतीचं पेटंट मिळवलं, त्यात टिनचे डबेही होते.

१८१४ मध्ये नेपोलियनचा पाडाव करत आलेल्या फौजांनी पॅरिसजवळच्या मासीमधला अपेरचा कारखाना उद्ध्वस्त केला. त्याने काम पुन्हा सुरू केलं, पण हाती पैसा राहिला नाही. १ जून १८४१ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी तो वारला आणि त्याला गरिबांच्या सामायिक कबरीत पुरलं.